अंगणाखालचा डोंगर

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा त्या मुलखात जंगलाला वेगळं नाव नव्हतं. जंगल जिथे थोडा वेळ थांबे, तेवढ्या जागेलाच गाव म्हणत. अशाच एका थांबलेल्या जागेवर पळसवाही नावाचं गाव होतं, आणि त्या गावात उरकुडा नावाचा विहीर खणणारा राहत होता.

पळसवाहीची जमीन कन्हार. कन्हार म्हणजे काळी, चिकट माती. उन्हाळ्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडत, आणि पावसाळ्यात ती माणसाच्या पायातली वहाण काढून घेई आणि परत देत नसे. पाणी एकदा तिच्या पोटात गेलं की तीच गत. त्या मातीत पळस होते, बाभळी होत्या, बोरी होत्या, आणि ओढ्याच्या काठाला पांढऱ्या बुंध्याचे कहू, म्हणजे अर्जुन, होते. दुसरं झाड तिथे टिकत नसे. गावाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पळसाची पानं पत्रावळीला पुरत, बाभळीची काटकी चुलीला पुरे, आणि बोरं पोरांना पुरत नसत, पण पोरांना काहीच पुरत नाही.

उरकुड्याने आसपासच्या गावांना विहिरी खणून दिल्या होत्या. स्वतःच्या घरी मात्र विहीर नव्हती, कारण स्वतःचं काम करायला कुणी बोलावत नाही. त्याची बायको फार लवकर गेली. मागे तो आणि त्याचा मुलगा पैकू, असे दोन पुरुष. घरात दिवसभरात जे बोलणं होई ते एवढंच, की "जेवला?" आणि "जेवलो." सणावाराला त्यात "भात चांगला होता" एवढी भर पडे.

एकदा वरच्या डोंगरावरच्या धावडटोक गावाने त्याला विहीर खणायला बोलावलं. तिथे त्याने उन्हाळाभर दगड फोडला आणि पाण्याचा थेंब लागला नाही. असं म्हणतात, की उरकुड्याची कोरडी गेलेली ती एकच विहीर. पण तो रिकाम्या हाताने परतला नाही. धावडटोकच्या रैनूची मुलगी कौतिका त्याने पैकूसाठी मागितली, आणि रैनूने दिली. पाणी नाही लागलं, निदान सोयरीक तरी लागली, असं दोन्ही गावं म्हणाली.

धावडटोकची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या घरामागच्या सालईची हिरवी फांदी तोडायची, ती लग्नमेढ म्हणून तिच्या बरोबर पाठवायची आणि सासरच्या अंगणात रोवायची. जो कुणी त्या घरावरून जाईल त्याने मेढीवर तांब्याभर पाणी घालायचं. आषाढातल्या आखाडीच्या सणापर्यंत मेढीला पान फुटलं तर समजायचं, जागेने मुलीला घेतलं. नाही फुटलं तर बापाने जाऊन मुलगी परत आणायची. भांडण नाही, शिव्या नाहीत, कुणाला दोष नाही. जिथे आपलं झाड जगत नाही तिथे आपण जगत नाही, एवढंच त्या लोकांचं म्हणणं होतं.

कौतिका पळसवाहीला आली, मेढ अंगणात रोवली गेली, आणि घराचा आवाज बदलला. ती बैलांशी बोले, कोंबड्यांना ओरडे, चुलीला समजावी, आणि पैकूने काही विचारलं की हसे. पैकूही मग मुद्दाम काहीबाही विचारू लागला. उरकुड्याला कुठल्याशा गावाहून खणायचं बोलावणं आलं, तर त्याने कळवलं की कुदळीचा दांडा सैल झाला आहे. तो दांडा बरेच दिवस सैलच राहिला.

पळसवाहीचे लोक मनाने उदार. धावडटोकला पाण्याचा दुष्काळ, म्हणून तिथे तांब्याभर पाणी घालणं म्हणजे आपल्या तहानेतला वाटा देणं. इथे पाऊस सुरू झाला होता आणि ओढा दाराशी वाहत होता, तेव्हा एका तांब्यात भागवणं लोकांना कंजूषपणाचं वाटलं. शेजारची कोंडाबाई तर घागरच आणी.

"लेकरू तहानलं असंल माय," ती म्हणे, आणि घागर मेढीच्या बुडाशी पालथी करी.

मेढीच्या बुडाशी तळं साचलं. कन्हारीने ते पोटात घेतलं आणि ठेवलं. मेढ आधी काळी पडली, मग मऊ पडली, आणि आखाडीच्या दिवशी कौतिकाचा बाप आणि भाऊ अंगणात आले तेव्हा ती एका बाजूला कलून पडली होती.

रैनू मेढीजवळ उकिडवा बसला. बोट लावलं तर बोट आत गेलं.

"इवाईजी," तो व्याह्याला म्हणाला, "तुमच्यात खोट नाई. पोरीत बी नाई. जागा नाई म्हनते."

"जागेले का तोंड आहे बोलाले?" उरकुडा म्हणाला.

"मंग हे का आहे?" रैनूने कुजका तुकडा त्याच्यापुढे धरला.

कौतिका दारात गाठोडं घेऊन उभी होती. तिचे डोळे सुजले होते, पण ती म्हणाली, "मले इथंच राहाचं आहे, बाबा. पन आजीनं मरताना हात धरून सांगतलं होतं, मेढ नाई फुटली तं राहू नको. ते मी नाई मोडणार."

पैकूला जन्मभर कधी पटकन बोलता आलं नव्हतं, आणि त्या दिवशीही आलं नाही. तो फक्त अंगणात उभा राहिला आणि पावसात भिजत राहिला. उरकुड्याने मुलाकडे पाहिलं आणि व्याह्याच्या पायाला हात लावला.

"एक साल द्या इवाईजी. दुसरी मेढ रोवू. पुढच्या आखाडीले नाई फुटली, तं मीच आणून सोडतो तिले."

व्याह्याने पायाला हात लावल्यावर माणूस काय बोलणार? रैनूने वर्ष दिलं.

ते गेल्यावर उरकुड्याने मेढ उपटली आणि नाकाशी धरली. विहिरी खणणाऱ्या माणसाला कधी कधी विहिरीतून माणसंही काढावी लागतात. हा वास त्याच्या ओळखीचा होता. ही तहानेने मेलेली नव्हती. ही बुडून मेली होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो कौतिकाला घेऊन नवी फांदी आणायला धावडटोककडे निघाला. खांद्यावर त्याची लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, होती. वाटेत झाडं बदलली की तो थांबे, सब्बल जमिनीत मारी आणि ऐके.

पळसांमध्ये सब्बल मारली, ती कणकेत बोट जावं तशी आवाज न करता गेली. गाव मागे पडलं, जमीन जराशी चढली, ऐन आणि मोहाची झाडं लागली. तिथे ती अर्धीअधिक गेली आणि भस्स झालं. पुढे माती तांबूस झाली, साग सुरू झाले. तिथे सब्बल खर्र करत वीतभर गेली आणि थांबली.

"मामाजी," कौतिका म्हणाली, "हे साग खाली गावात काहून नाई येत? इथं रांग धरून उभे राहाते, जसं कोणी रेघ मारली."

"त्याहिले पाय कोरडे लागते," उरकुडा म्हणाला. आणि बोलल्यावर तो स्वतःच थबकला, कारण ही गोष्ट आपल्याला माहीत आहे हे त्याला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आणखी वर धावडे लागले. तिथे सब्बल खण्‌ वाजली. आणि शेवटी, जिथे माती संपून नुसता लाल मुरूम आणि उघडा खडक होता, तिथे सालया उभ्या होत्या. अंगावरची साल कागदासारखी सुटलेली, एकीलाही पान नाही, आणि तरी उन्हात अशा निवांत, जशा आंघोळ करून बसल्या आहेत. तिथे सब्बल आत गेलीच नाही. उलट उडून उरकुड्याच्या नडगीला लागली.

तो नडगी धरून खाली बसला आणि हसायला लागला.

"का झालं मामाजी?"

"माय, आपुन हिले मासोळी समजून पाण्यात ठेवली."

कौतिका त्याच्याशेजारी बसली. खाली पळसवाही धुरकट दिसत होती. "मंग आता? हा डोंगर तं तिथं नेता येत नाई."

बैलगाडीने मुरूम न्यायचा विचार उरकुड्याच्या मनात आला होता. पण मध्ये नाला, आणि नाल्यापलीकडे कन्हार. भरल्या गाडीची चाकं तिच्यात वर्षभर राहिली असती. तो बराच वेळ बुडाखालचा लाल मुरूम चिमटीत घेऊन चोळत राहिला. हा मुरूम त्याने पाहिला होता. इथे नाही, खाली. प्रत्येक विहिरीत. काळी माती संपली की पिवळी लागते, तिच्यात चुनखडीचे खडे लागतात, आणि मग कुदळ एकदम वेगळी वाजते आणि हाच लाल मुरूम वर येतो.

"डोंगर इथं संपत नाई, माय," तो हळूच म्हणाला. "आपल्याले वाटते हा बसला आहे. हा झोपला आहे. डोकं इथं आणि पाय आपल्या आंगणाखाली. वरून काळं पांघरूण घेतलं आहे, बस."

कौतिका हसली. "मंग पायाले गुदगुल्या करा. घेईल वर."

तिने थट्टा केली होती. पण उरकुड्याला थट्टा आणि सल्ला यांतला फरक फारसा कळत नसे, आणि म्हणूनच ही गोष्ट आज सांगायला उरली आहे.

घरी आल्या दिवसापासून त्याने स्वतःच्या अंगणात खणायला घेतलं. खाली तो, मध्ये पैकू, वर टोपली ओढायला कौतिका. काळी माती निघाली ती त्याने शेतात टाकायला लावली. पिवळी निघाली तीही बाजूला. गाव कुंपणाशी येऊन उभं राहिलं, कारण दुसऱ्याचं काम बघण्यासारखी करमणूक त्या काळीही नव्हती.

"उरकुडाजी, उशिरा का होईना, घरची विहीर सुचली," लोक म्हणाले.

"विहीर नाई खणत," खालून आवाज आला.

"मंग का खणता?"

"डोंगर."

गावाने एकमेकांकडे पाहिलं. कोंडाबाईने कौतिकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, म्हातारपणी होते असं, जपून राह्य.

मग मुरूम लागला. असं म्हणतात, की ज्या घटकेला उरकुड्याची कुदळ मुरुमावर पडली, त्याच घटकेला वर धावडटोकला उतरंडीची मडकी हलली, आणि म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, डोंगराने पाय आखडला. पळसवाहीत मात्र एवढंच झालं, की लाल मुरुमाची पहिली टोपली वर आली आणि कौतिकाने ती अंगणाच्या मधोमध ओतली. मग दुसरी, मग पुढची.

आणि मग पाणी लागलं. चांगलं, गोड, गुडघाभर पाणी. गाव आनंदाने ओरडलं. त्या गावाच्या बाया उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यात झरे उकरत आणि वाटीवाटीने घागर भरत. त्यांना तर रडूच आलं. आणि खाली विहिरीत उभा राहून उरकुडा पाण्याला शिव्या देत होता. जन्मभर पाण्यासाठी खणलेला माणूस पाण्याला म्हणत होता, "चाल, हो बाजूले! कामाच्या वेळी आलं मेलं!" असं म्हणतात, की पाण्याला शिव्या देणारा विहीरवाला पृथ्वीवर तो एकच झाला, आणि पाणीही त्याचा राग न धरता वाढतच राहिलं.

"घेऊन जा ही ब्याद!" तो वर बघून ओरडला. "जेवढं नेता येईल तेवढं न्या!"

मग काय. दिवस उगवला की अख्खं गाव घागरी घेऊन हजर. माणसं पाणी उपसत, जनावरांना पाजत, आणि तळ उघडा पडला की उरकुडा खणे. ज्यांनी त्याला वेडा ठरवलं होतं तेच त्याची विहीर कोरडी ठेवत होते, आणि जाताना म्हणत होते, बिचारा, चांगला माणूस होता.

अंगणातला ढीग वाढत गेला. आधी उंबऱ्याएवढा, मग ओट्याएवढा, मग घराच्या पाख्याला लागला. तीन माणसांच्या टोपल्यांनी एवढा ढीग होणार नाही, हे कुणीही सांगेल. म्हणून असं म्हणतात, की उरकुडा टोपली भरायला वाके तेव्हा मुरूम आपण होऊन टोपलीत चढे. डोंगराला जाग आली होती आणि त्याला आपल्या लेकीचं घर बघायचं होतं. पैकूला नंतर कुणी याबद्दल विचारलं तर तो आपले तळहात दाखवी. लोकांना ते उत्तर पटत नसे.

उन्हं टळटळीत असताना कौतिकाने त्या लाल ढिगावर धावडटोकहून ताजी तोडून आणलेली सालईची नवी मेढ रोवली. रोवून हात झटकते तोच कोंडाबाई घागर घेऊन आली.

"कोंडाबाई, तिथंच थांबा," उरकुडा म्हणाला, आणि सब्बल आडवी धरून उभा राहिला.

"अगा, पण पाणी?"

"नाई घालाचं."

"नाई घालाचं?" कोंडाबाईने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं. "आपल्याच सुनेच्या मेढीले पाणी नाई? माय वं! कोण्या सासऱ्यानं असं केलं का?"

"भाऊजी, तांब्याभर तरी," मागून कुणी म्हणालं.

"एक थेंब नाई. जीव असंल तं तिले पाऊस पुरंल."

जो घराण्याची मेढ पाण्याविना ठेवतो, त्याच्याकडे बघायलाही नको, असं गावाने ठरवलं. मात्र पाणी भरायला येणं चालू ठेवलं. मग पाऊस लागला. पाणी ढिगावर पडे, मुरुमातून झरझर खाली जाई आणि विहिरीत उतरे. कन्हारीत गुडघाभर चिखल, आणि ढिगाचा माथा तासाभरात सुका. कौतिका सकाळी उठून मेढीला हात लावी. मेढ काळी पडली नाही, मऊ पडली नाही. पण पानही फुटलं नाही.

आखाडी आली. रैनू आणि त्याचे मुलगे आले. पळसवाहीत सपाट जमिनीवर लाल टेकाड उभं बघून ते क्षणभर दारातच थांबले. आपल्याच गावी परत आलो की काय, असं त्यांना झालं. मग रैनू टेकाडावर चढला. मेढ सरळ उभी होती, टणक होती, आणि वरपासून खालपर्यंत उघडी होती.

कौतिका आत गेली आणि गाठोडं बांधून आली. पैकू तिच्यामागे आला आणि या वेळी त्याला बोलता आलं. "मी बी येतो," तो म्हणाला. "तिथं राहीन." हे ऐकून उरकुड्याने मान हलवली, जणू तेच बरोबर आहे. घरात आता "जेवला?" विचारणाराही उरणार नव्हता.

"एक टोपली घालू द्या इवाईजी," तो म्हणाला. "कमी पडलं असंल."

तो पावसात विहिरीत उतरला, पाण्याच्या वर उघड्या राहिलेल्या कडेचा मुरूम खरवडून भरला, दोर ओढून वर आणला आणि मेढीच्या बुडाशी ओतला. पुन्हा उतरला. पुन्हा आणला. त्याचं धाप लागणं ढिगावर उभ्या रैनूला ऐकू येत होतं. पुढच्या खेपेला म्हाताऱ्याचा पाय घसरला आणि तो टोपलीसकट गुडघ्यावर बसला, आणि सांडलेला मुरूम हातांनी गोळा करू लागला.

रैनूने पागोटं काढून मुलाच्या हातात दिलं. खाली उतरून त्याने व्याह्यापुढची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ढिगावर नेऊन ओतली. बापाला बघून मुलगे उतरले. कोंडाबाईने घागर ठेवली आणि टोपली उचलली. मुलीला न्यायला आलेली माणसं आणि वेडा ठरवणारी माणसं, सगळी त्या दुपारी पावसात डोंगर वाहत होती, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

शेवटी रैनू मेढीजवळ थांबला. तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. डोळ्यांवरचं पाणी पुसून पुन्हा बघितलं.

"फुटलं की," तो म्हणाला.

त्याचे मुलगे जवळ आले. मेढ होती तशीच उघडी होती. धाकट्याने तोंड उघडलं, तेव्हा थोरल्याने त्याचा पाय दाबला.

"हे का, पान," रैनू कोरड्या सालीवर बोट ठेवून म्हणाला. "तुमाले दिसत नाई का?"

"दिसते," कोंडाबाई म्हणाली. "कधीचं फुटलं आहे."

मग सगळ्यांनाच दिसलं. कौतिकाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग सासऱ्याच्या, आणि गाठोडं सोडलं.

असं म्हणतात, की त्यानंतर थोड्याच दिवसांत मेढीला खरंच पान आलं. एवढी मोठी माणसं खोटी पडू नयेत म्हणून त्याला यावंच लागलं.

उरकुडा पुढे नातवंडं बघून गेला. कसा गेला, याबद्दल पळसवाहीत एकच मत आहे: तो एका उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला उतरला आणि वर आला नाही. डोंगराने पाय पुन्हा आत ओढू नये म्हणून तो खाली पाय धरून बसला आहे, आणि म्हणूनच ती विहीर आटत नाही. कौतिका म्हातारी होईपर्यंत सांगत राहिली, की मामाजी ओट्यावर खाटेवर गेले, दुपारची वेळ होती, मी पेज भरवत होते, दोन घोट घेतले आणि म्हणाले, भात चांगला होता. पण ती फक्त तिथे हजर होती. तिचं कोण ऐकणार?

ते टेकाड अजून आहे. काळ्या सपाटीत ते लाल, एकटं उभं आहे, आणि त्यावर सालयांचा दाट झुंबाडा आहे. पण नुसत्या सालया नाहीत. पळसवाहीला अजूनही सून आली, की नवरदेवाचा बाप तिच्या माहेरची टोपलीभर माती डोक्यावर घेऊन येतो. मग तो सरपंच असो, मास्तर असो, की गुडघे दुखणारा. वेशीपासून टेकाडापर्यंत तो पायी येतो, माती ओततो आणि सुनेला विचारतो, "माय, तुमच्याकडं का उगवते?" ती सांगेल ते झाड त्या मातीत लावतात. सागाच्या गावची आली, साग लागला. वैनगंगेच्या काठची आली, तिचा कहू वर टिकेना, तर तो खाली विहिरीच्या सांडपाण्यापाशी लावला. कुठलं झाड कुठे बसेल, ते म्हाताऱ्या बाया माती चोळून ठरवतात, आणि नाही बसलं तर सुनेला नाही, जागेला बदलतात.

अलीकडे शहरातून एक सून आली. तिचं माहेर इमारतीच्या वरच्या मजल्यावर. मातीच नव्हती. तिने लाजत बाल्कनीतली तुळशीची कुंडी आणली. सासऱ्याने ती कुंडी दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली आणि तो सगळ्या गावातून, वाजंत्रीच्या मागे, भर उन्हात चालत गेला. कुणी हसलं नाही. टेकाडावर ती मूठभर माती ओतताना तो म्हणाला, "उरकुडाबा, हिलेही घ्या," आणि सून चपला काढून, पदर सावरत, वर चढली.